पिशवी रिकामी, मग गर्भ कुठे?

गडचिरोली जिल्ह्यात गरोदर बाईसाठी जी सरकारी व्यवस्था उभी राहिली, तिचा सगळा भर शेवटच्या महिन्यावर आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला आधीच आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवतात. १०२ ची गाडी, दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी मिळणारं अनुदान, आशाताईच्या वहीतली बाळंतपणाची तारीख, सगळं नवव्या महिन्याच्या हिशोबानं लावलेलं आहे. ते हवंच. पण याच जंगलात बाईचा जीव घेऊ शकणारा एक आजार दुसऱ्याच महिन्यात गाठतो. तेव्हा तिचं नाव कुठल्याही वहीत चढलेलं नसतं. बरेचदा आपल्याला दिवस गेलेत हे तिचं तिलाही ठाऊक नसतं.

स्त्रीबीज फलित होतं ते गर्भनलिकेत. तिथून ते हळूहळू सरकत चार-पाच दिवसांत गर्भाशयात, म्हणजे बायका जिला ‘पिशवी’ म्हणतात तिच्यात उतरतं आणि पुढच्या काही दिवसांत पिशवीच्या अस्तरात रुजतं. नळीच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांचा थर असतो. त्यांच्या हालचालीवर आणि नळीच्या आकुंचनावर हा प्रवास चालतो. नळी आतून चिकटली, वाकडी झाली किंवा ते केस झडले, तर फलित बीज वाटेतच अडकतं आणि तिथंच मूळ धरतं. ही अस्थानी गर्भधारणा. दवाखान्यात तिला सर्रास ‘एक्टोपिक’ म्हणतात. शंभर गर्भधारणांमागे एक ते दोन अशा असतात आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नळीतच असतात. उरलेल्या अंडाशयावर, गर्भाशयाच्या मुखात, आधीच्या सिझेरियनच्या व्रणात, क्वचित उदरपोकळीत.

नळी दहा-बारा सेंटिमीटर लांब असते, आणि तिच्या अरुंद भागात आतली पोकळी जेमतेम एक मिलिमीटर. पिशवी गर्भाबरोबर वाढते, नळी वाढत नाही. गर्भ अरुंद भागात असेल तर सहाव्या ते आठव्या आठवड्यात नळी फुटते, रुंद भागात असेल तर आठव्या ते बाराव्या आठवड्यात. पिशवीच्या कोपऱ्यात, नळी जिथे तिच्यात शिरते तिथे रुजलेला गर्भ आणखी उशिरा फुटतो आणि तेव्हाचा रक्तस्राव सर्वांत वाईट असतो. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे असतात. म्हणजे सहावा आठवडा भरला तेव्हा पाळी चुकून पंधरा दिवससुद्धा नीट झालेले नसतात. सोनोग्राफीनं निदान करायचं ते एवढ्या फटीत.

नळ्या का बिघडतात, या प्रश्नाचं उत्तर शोधताना गडचिरोलीचंच नाव जगाच्या वैद्यकीय साहित्यात भेटतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये इथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. राणीताई मूळच्या चंद्रपूरच्या. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना कसला ना कसला स्त्रीरोग होता, एकेकीला सरासरी तीनाहून अधिक. आणि याआधी स्त्रीरोगांसाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आढळलेल्या रोगांपैकी निम्मे जंतुसंसर्गाचे होते. त्या काळी सरकारी भाषेत ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच. बंग दांपत्याचा अभ्यास अस्थानी गर्भधारणेवरचा नव्हता. पण ओटीपोटातला जुना, न बोललेला, न औषध केलेला संसर्ग हे नळी खराब होण्याचं एक मोठं कारण आहे. अंगावर पांढरं जातं, कंबर दुखते, असं सांगत वर्षं काढणाऱ्या बाईच्या नळीत आत काय चाललंय, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. त्यात आपल्या देशात क्षयरोगाची भर. फुप्फुसांखेरीज तो नळ्यांनाही धरतो, आणि तिथे खोकला नसल्यामुळे वर्षानुवर्षं लपून राहतो.

दुसरं कारण फसवं आहे. बाईची नसबंदी झालेली असते. शिबिरात टाके घातले, कागद मिळाला, आता दिवस जाण्याचा प्रश्न संपला, असं ती धरून चालते, घरचे धरून चालतात, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे कधी कधी तपासणारा डॉक्टरही धरून चालतो. नसबंदी फसणं दुर्मीळ आहे, यात शंका नाही. पण फसली तर? अमेरिकेत दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर नसबंदीनंतर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांच्यात नसबंदीनंतरही राहिलेल्या गर्भांपैकी जवळजवळ एकतृतीयांश अस्थानी निघाले. तांबीचंही तेच: तांबी असताना दिवस जाणं क्वचितच घडतं, पण गेलेच तर गर्भ नळीत असण्याची शक्यता एरवीपेक्षा बरीच जास्त. म्हणून ‘ऑपरेशन झालंय’ हे वाक्य ऐकलं की गर्भाचा विचार सोडून देणं ही चूक आहे. पोट दुखत असेल तर त्या वाक्यानं कान टवकारायला हवेत.

आता समजा, एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या टोल्यावरची तिशीची बाई आहे. रोवणीचे दिवस. दोन दिवसांपासून ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, अंगावरून थोडं थोडं काळपट जातंय. बांधावर उभी असताना तिला भोवळ येते, घाम सुटतो, खांद्यात विचित्र कळ येते. ही खांद्याची कळ ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पोटात सांडलेलं रक्त बाई आडवी झाली की श्वासपटलाखाली जातं. श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मणक्यात एकाच ठिकाणी पोचते, त्यामुळे इजा पोटात आणि दुखणं खांद्यात. पण खांदा दुखणाऱ्या बाईला या भागात पहिला प्रश्न कोणता विचारला जाईल? ओझं उचललंस का? पोटदुखी आणि फिकटपणा यांनाही इथे आधीपासून दुसरे मालक आहेत. हिवतापाचं मोठं ओझं या जिल्ह्यावर आहे. ताप, पांढरे पडलेले डोळे आणि वाढलेली पानथरी इथे नेहमीची. सिकलसेल इथल्या अनेक समाजांत आहे आणि त्याच्या झटक्यात पोट भयंकर दुखतं. ज्या बाईच्या हातात सिकलसेलचं कार्ड आहे तिची पोटदुखी सिकलसेलच्याच खात्यावर टाकली जाण्याचा धोका मोठा. सलाईन, वेदनाशामक, आणि वाट पाहणं. तेवढ्यात पोटात एक-दीड लिटर रक्त साठू शकतं. तरुण शरीर बराच वेळ रक्तदाब टिकवून धरतं, आणि मग एकदम कोसळतं. सुरुवातीला हिमोग्लोबिन तपासलं तर तेही फारसं उतरलेलं दिसत नाही, कारण उरलेलं रक्त अजून पातळ झालेलं नसतं.

पाळी कधी आली होती, हा प्रश्न विचारायचा कसा, हेही इथे शिकावं लागतं. तारीख विचारली तर उत्तर मिळत नाही. सण, बाजाराचा दिवस, अमावस्या यांच्या आधारानं विचारलं तर मिळतं. माडिया गावांमध्ये पाळीच्या दिवसांत बाईनं वेगळ्या कुर्माघरात राहायची प्रथा आहे. ती झोपडी ओलसर, अपुरी, कधी धोकादायकही असते आणि ती प्रथा बदलावी असं मलाही वाटतं. पण जोवर ती आहे तोवर आरोग्यसेविकेला एक सरळ प्रश्न उपलब्ध आहे: शेवटी कुर्म्यात कधी गेली होतीस? बाईला आठवलं नाही तर बरोबरच्या बायकांना आठवतं. एक धोकाही याच ठिकाणी आहे. अस्थानी गर्भात अंगावरून जे थोडं रक्त जातं, ते उशिरा आलेली पाळी समजून ती बाई कुर्म्यात जाऊन बसू शकते, आणि नळी फुटली तर ती तिथे एकटी असेल. म्हणून ‘आली होती’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. नेहमीसारखी आली होती का, नेहमीइतकी गेली का, रंग कसा होता, हेही विचारावं.

यानंतरची पायरी आशाताईच्या पिशवीत असते. निश्चय किटवर लघवीचे थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. गर्भ पिशवीत असो वा नळीत, त्याच्याभोवतीच्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक तयार करतात आणि पाळी चुकल्यावर काही दिवसांतच ते लघवीत सापडतं. दोन रेषा उमटल्या तर बाई गरोदर आहे. कुठे गरोदर आहे, ते या पट्टीला सांगता येत नाही. माझं ठाम मत असं आहे की गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत पाळीच्या वयातली कोणतीही बाई पोटदुखी किंवा भोवळ घेऊन आली तर, नसबंदी झालेली असो, विधवा असो, अविवाहित असो, ही तपासणी झाल्याशिवाय तिला परत पाठवू नये. सोनोग्राफीची सगळी करामत या दोन रेषांवर उभी आहे. गर्भाची शंकाच आली नसेल, तर पडद्यावर दिसणारी रिकामी पिशवी ‘नॉर्मल’ म्हणून लिहिली जाते. गर्भपाताच्या गोळ्यांबाबतही हेच लागू आहे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या नळीतल्या गर्भावर काम करत नाहीत. त्यानं अंगावरून रक्त जातं, काम झालं असं वाटतं, आणि नळीतला गर्भ वाढतच राहतो.

आता सोनोग्राफीच्या खोलीत जाऊ. खिडकीवर पडदा, भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी, पलंग, मशीन. आधी बहुधा पोटावरून तपासतात. त्यासाठी मूत्राशय भरलेलं लागतं, कारण लघवीनं भरलेलं मूत्राशय आतड्यांना बाजूला सारतं आणि ध्वनिलहरींना मागच्या पिशवीपर्यंत मोकळी वाट देतं. पाण्यातून ध्वनी परतत नाही, म्हणून मूत्राशय पडद्यावर काळंभोर दिसतं. त्याच्या मागे राखाडी रंगाचं गर्भाशय, त्याच्या मधोमध अस्तराची उजळ रेषा. गर्भ जागेवर असेल तर या अस्तरात, मधल्या रेषेपासून किंचित एका बाजूला, तुरीच्या दाण्याएवढा काळा गोल ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती पांढरी कडा. पोटावरून हे दिसायला सहावा आठवडा उजाडतो. त्याआधी पाहायचं असेल तर योनीमार्गातून.

योनीमार्गातल्या तपासणीला उलट मूत्राशय रिकामं हवं. बोटभर जाडीचा प्रोब निरोधाचं आवरण घालून आत ठेवतात. तो पिशवीच्या अगदी जवळ पोचतो, त्यामुळे जास्त कंपनसंख्येच्या लहरी वापरता येतात. त्या खोल जात नाहीत पण बारीक तपशील दाखवतात. पाचव्या आठवड्याच्या आसपास गर्भकोश, साडेपाचच्या सुमाराला त्यात पीतकोशाचं छोटं कडं, सहाव्याच्या सुमाराला थरथरणारं हृदय. जी बाई आजवर कोणासमोर उघडी झालेली नाही, जिला मराठी नीट कळत नाही, तिला हा प्रोब म्हणजे काय हे आधी माडियात, गोंडीत किंवा तेलुगूत सांगणारी बाई खोलीत असायलाच हवी. घाबरून ताठरलेल्या पोटातून चांगल्या डॉक्टरलाही नीट दिसत नाही.

अस्तरात काही नाही. मग डॉक्टर प्रोब एका बाजूला वळवतो. आधी अंडाशय ओळखायचं, कारण त्यात बारीक काळे ठिपके असतात. त्याच अंडाशयावर, बीज जिथून सुटलं तिथे, पिवळी ग्रंथी नावाचा गोळा असतो. त्यालाही कडं असतं आणि रंगीत डॉप्लर लावला की त्याच्याभोवतीही रक्ताचं वलय पेटतं. नवख्या डोळ्यांना इथेच चकवा बसतो. अस्थानी गर्भ बहुतेकदा या अंडाशयाच्या आणि पिशवीच्या मधल्या जागेत सापडतो: कधी पांढऱ्या जाड कडीसारखा, मधे काळा, कधी नुसता एकजिनसी राखाडी गोळा, थोड्या जणींत आत पीतकोश किंवा हृदयाचे ठोकेसुद्धा. मग एक साधी हातचलाखी करतात. प्रोबनं हलकेच ढकलायचं, दुसऱ्या हातानं वरून पोट दाबायचं. गोळा अंडाशयाबरोबर सरकला तर तो बहुधा अंडाशयाचाच. अंडाशय एकीकडे आणि गोळा दुसरीकडे घसरला तर तो नळीतला. या तपासणीत मला सर्वांत सुंदर वाटते ती ही हालचाल. लाखो रुपयांच्या मशीनलाही शेवटी हाताच्या दाबाची मदत घ्यावी लागते.

मग पाणी शोधायचं. पिशवीच्या मागे, गुदाशयाच्या पुढे एक खोल कप्पा आहे, डग्लसचा कोश. पोटातलं रक्त पहिल्यांदा तिथे उतरतं. साधं पाणी नितळ काळं दिसतं. रक्तात धूसर कण तरंगताना दिसतात. गोठलेलं रक्त मात्र राखाडी असतं, आतड्यांत मिसळून जातं, आणि फक्त काळा रंग शोधणाऱ्याला सापडत नाही. शेवटी प्रोब उजव्या बरगडीखाली, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या मधल्या फटीवर. तिथेही काळी पट्टी दिसली तर रक्त ओटीपोट भरून वर चढलंय. दोन रेषांची लघवी तपासणी, कोसळलेली नाडी आणि या फटीतलं रक्त, एवढं मिळालं की पुढची सोनोग्राफी थांबवून शस्त्रक्रियागृह गाठायचं असतं. हे पाहायला एखादं मिनिट पुरतं आणि जुनाट पोर्टेबल मशीनही पुरतं. गर्भ नेमका कुठल्या नळीत, हे पोट उघडल्यावर कळतंच.

या चित्रांचं वय फार नाही. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी कारखान्यात धातूतल्या भेगा शोधणाऱ्या ध्वनियंत्रावरून धडा घेतला आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पोटातल्या गाठींची ध्वनिचित्रं छापली, भरलेल्या मूत्राशयाची युक्तीही त्यांचीच. त्याच्या पंचाहत्तर वर्षं आधी, १८८३ मध्ये, बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी फुटलेल्या नळीवर शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली होती. तोवर अशा बाईचं काय होणार हे पाहत बसण्याखेरीज डॉक्टरांच्या हाती काही नव्हतं. म्हणजे उपचार आधी आला आणि वेळेवर निदान पाऊणशे वर्षांनी. मधल्या काळात, आणि जंगलात त्यानंतरही बरीच वर्षं, सुईवर भागवलं जाई: योनीमार्गातून डग्लसच्या कोशात सुई घालायची, न गोठणारं रक्त आलं तर पोट उघडायचं. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७० च्या दशकात भामरागडजवळ हेमलकशाला दवाखाना चालवायला आले तेव्हा तिथे वीजही नव्हती. मंदाताई भूलशास्त्र शिकलेल्या होत्या, हे त्या दवाखान्याचं भाग्य. रोग ओळखला पण भूल देणारं कोणी नाही, ही अडचण आजही अनेक तालुक्यांच्या ठिकाणी आहे.

सगळ्यात अवघड प्रसंग मात्र कोसळलेल्या बाईचा नसतो. तपासणीत दोन रेषा, बाई चालत आलेली, थोडं दुखतंय, आणि पडद्यावर पिशवीत काही नाही, बाजूलाही काही नाही, रक्तही नाही. तीन गोष्टी संभवतात: गर्भ जागेवरच आहे पण अजून दिसण्याइतका मोठा नाही, गर्भपात होऊन गेला, किंवा गर्भ नळीत आहे आणि दिसत नाही. चांगल्या सोयी आणि तरबेज हात असलेल्या केंद्रांतसुद्धा पहिल्याच सोनोग्राफीत चारांपैकी साधारण तीनच अस्थानी गर्भ सापडतात. इथे रक्तातल्या एचसीजीची पातळी मोजतात आणि अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा मोजतात. निरोगी गर्भात ती भरभर वाढते, सुरुवातीच्या काळात दोन दिवसांत किमान निम्म्याने तरी. गर्भ गळून गेला असेल तर उतरते. अडखळत वाढली तर संशय पक्का होत जातो. पातळी साडेतीन हजारांच्या वर गेली आणि तरीही योनीमार्गातल्या तपासणीत पिशवी रिकामी, तर गर्भ जागेवर असण्याची शक्यता फारच कमी. उलट बाजूचा धोकाही आहे. पिशवीत दिसणारा बारीक गोल काळा ठिपका ‘खोटा कोश’, म्हणजे गर्भ नसलेला नुसता द्रव, ठरवून घाई केली, तर हवाहवासा निरोगी गर्भ औषधानं मारला जाऊ शकतो. म्हणून बाई स्थिर असेल तर दोन दिवस थांबणं हेच शास्त्र.

पण दोन दिवस थांबायचं कुठे? पुण्यात बाई घरी जाते आणि फोन जवळ ठेवते. भामरागडच्या पलीकडच्या गावातली बाई घरी गेली आणि रात्री नळी फुटली, तर गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, सिरोंचाहून दोनशेच्या वर. माहेरघराची कल्पना या बाईलाही लागू करायला काय हरकत आहे? अहेरीच्या किंवा गडचिरोलीच्या रुग्णालयाजवळ, जिथे शस्त्रक्रिया होऊ शकते आणि रक्त मिळू शकतं, तिथे या दोन-चार रात्रींसाठी तिला आणि तिच्या सोबतीणीला खाट आणि जेवण मिळालं पाहिजे. कुरखेडा, कोरची, वडसा या उत्तरेकडच्या पट्ट्यातली माणसं ब्रह्मपुरीच्या खासगी दवाखान्यांकडे धावतात. चंद्रपूरला २०१५ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. राजुरा-जिवतीकडच्या बाईला ते जवळ. दक्षिणेकडच्या बाईला मात्र पर्याय थोडे आहेत आणि रस्ता लांब.

कायद्याबद्दलही बोललं पाहिजे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, मुंबईतल्या स्त्री कार्यकर्त्यांच्या आणि डॉक्टरांच्या चळवळीमुळे. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तो हवा होता आणि आजही हवा आहे. पण त्याच्या नियमांनी मशीनला जागेशी बांधलं आहे: पोर्टेबल मशीन नोंदलेल्या दवाखान्यातच वापरायचं किंवा फिरत्या वैद्यकीय पथकात, एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनच केंद्रांवर नोंद. शहरात हे चालून जातं. चौदा हजारांहून अधिक चौरस किलोमीटरच्या आणि बहुतांश जंगलाच्या जिल्ह्यात, जिथे रेडिओलॉजिस्ट दुर्मीळ आहेत, तिथे अशा अटींचा बोजा वेगळाच पडतो. त्यात कारवाईची धास्ती, म्हणून काही डॉक्टर लवकरच्या गरोदरपणात तपासणीच टाळतात. ही धास्ती अनाठायी आहे. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला जो फॉर्म एफ भरावा लागतो, त्यातल्या कारणांच्या यादीत अगदी पहिलं कारण हेच दिलेलं आहे: गर्भ गर्भाशयात आहे की अस्थानी, आणि तो जिवंत आहे का, हे पाहणं. सहाव्या-सातव्या आठवड्यात लिंग सोनोग्राफीला दिसूच शकत नाही. ही तपासणी आईचा जीव वाचवायची आहे आणि कायद्यानं ती यादीत सर्वांत वर ठेवली आहे, हे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरनं मनाशी पक्कं करावं.

निदान झालं की उपचार बाईच्या पत्त्यावरही ठरतो, आणि तसाच ठरायला हवा. नळी फुटलेली नसेल, गोळा लहान असेल, ठोके दिसत नसतील आणि एचसीजी कमी असेल, तर मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देऊन नळी वाचवता येते. पण त्यानंतर चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासावं लागतं, पुढे पातळी शून्याजवळ येईपर्यंत दर आठवड्याला. शिवाय हे औषध फोलिक आम्लाच्या विरोधात काम करतं. सिकलसेलच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांना तर आपण फोलिक आम्लाच्याच गोळ्या देत असतो. मध्यम किंवा तीव्र रक्तक्षय असेल तर ते देऊच नये. इथल्या किती बायका या चाळणीतून पार होतील? जुलैत नदीपलीकडे राहणाऱ्या, हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईची नळी वेळेवर काढून टाकणं हाच दयाळू आणि शहाणा उपचार. दुसरी नळी चांगली असेल तर पुढे मूल होण्याची आशा चांगली राहते.

फुटलेल्या नळीत प्रश्न रक्ताचा. शस्त्रक्रिया तशी सरळ आहे: पोट उघडायचं, नळीच्या बुडाशी चिमटा लावायचा, रक्तस्राव त्या क्षणी थांबतो. पण तोवर बाईचं निम्मं रक्त पोटात साठलेलं असू शकतं आणि रक्तपेढी दूर. ग्रामीण भागातले शल्यचिकित्सक अशा वेळी पोटातलंच ताजं रक्त निर्जंतुक भांड्यात घेतात, अनेक पदरी गॉजमधून गाळतात, गोठू नये म्हणून औषध घातलेल्या पिशवीत भरतात आणि तिच्याच शिरेत परत सोडतात. तिचंच रक्त, गट जुळवायला नको, दात्याची वाट पाहायला नको. पोटात आतड्यातली घाण सांडलेली नसेल आणि रक्त जुनं नसेल, तर आफ्रिकेत आणि भारतात या रीतीनं अनेक बायका वाचल्या आहेत. सोनोग्राफीचा निरोप इथेही उपयोगी पडतो. एटापल्लीहून गाडी निघतानाच ‘पोटात रक्त आहे, नळी फुटली असावी’ असा फोन गेला, तर गाडी पोचेपर्यंत भूलतज्ज्ञ, गॉज आणि पिशव्या तयार असतात. नुसतं ‘पोटदुखीचा पेशंट पाठवतोय’ म्हटलं, तर ती बाई आधी अपघात विभागात बसून राहते.

बाई वाचली, टाके सुकले, घरी निघाली, तेव्हा तिच्या हातातल्या कागदावर दोन गोष्टी मोठ्या अक्षरांत मराठीत लिहायला हव्यात. तिचा रक्तगट आर-एच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन दिलं की नाही. आणि दुसरी: एकदा नळीत गर्भ राहिलेल्या बाईला पुन्हा तसंच होण्याची शक्यता दहात एकीच्या आसपास असते, म्हणून पुढच्या वेळी पाळी चुकली, की पाचव्या-सहाव्या आठवड्यातच सोनोग्राफी, दुखत नसलं तरी. हा कागद तिच्या गावच्या आशाताईलाही दाखवलेला असावा.